भिंतीकडे तोंड करून

सुधाकरभाऊ गेल्याची बातमी मला काशिनाथने दिली, आणि तीही कंपनीच्या गेटवर. ह्या दोघांना ज्या गेटमधून एकाच आठवड्यात बाहेर काढलं, त्याच गेटवर. वॉचमनने लॅबमध्ये फोन केला, "मंदाबेन, तमने कोई मळवा आव्युं छे." मी अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून बाहेर आले, तर काशिनाथ गटाराच्या पलीकडे उभा. आत पाऊल टाकायला तयार नाही. उजवा हात खिशात. तो हात भाजल्यापासून चारचौघांत बाहेर काढतच नाही तो. "ताई, सुधाकरभाऊ गया वं," तो म्हणाला. "काल दुपारले. इच्छापोरमा, बसनी वाट देखता देखता." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बरं." कोणी पाण्याची टाकी भरली म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. मग परत आत गेले, हातातलं टायट्रेशन पूर्ण केलं, आकडा लिहिला. तो आकडा चुकला होता हे दुसऱ्या दिवशी कळलं. ह्याला आता दीड महिना होत आला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि अर्धी टाकून उठते. मुलगी म्हणते, आई, तुझं काय चाललंय? काय चाललंय ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, आणि लिहिताना तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आले आहे.

आमची कंपनी सुरतेजवळच्या सचिन गावी, रंगाची. कपड्याला लागणाऱ्या रंगाची भुकटी आम्ही बनवतो. मी लॅबमध्ये, पहिल्यापासून. माझे वडील रेल्वेत, भुसावळहून उधन्याला बदली होऊन आले आणि आम्ही सुरतचेच होऊन गेलो. सुधाकर बोरसे आला तो सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी. आला म्हणते, पण मी त्यांना भाऊच म्हणायची आणि ते मला ताई, वयाने वर्षभराने मोठे असून. त्यांचे वडील गोडादऱ्याला पॉवरलूमवर, घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आणि डोक्यात कॉम्प्युटर. कॉम्प्युटर हाताला लागायच्या आधी हा माणूस चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर टायपिंग शिकलेला. खोटं वाटेल, पण मी तो पुठ्ठा पाहिला आहे. ए आणि एस ही अक्षरं बोटांनी पुसून गेली होती. स्वभाव गरीब, आवाज बारीक, आणि केसांना तेल मात्र असं चोपडलेलं की कानशिलावरून ओघळायचं. शोभावहिनी रोज सकाळी स्वतः लावून द्यायच्या. मी चिडवायची, "भाऊ, कीबोर्डात पाझरेल हो, मग बटणं आपोआप चालतील." ते लाजून रुमाल काढायचे आणि कपाळ पुसायचे.

आमच्याकडे प्रत्येक रंगाची कृती कॉम्प्युटरमध्ये असते. कोणतं रसायन किती, किती डिग्रीला तापवायचं, किती तास. ती छापून रोज सकाळी भांड्यांवरच्या कामगारांना कार्ड म्हणून मिळते. भांडं म्हणजे रिअ‍ॅक्टर, पण आमच्याकडे त्याला कोणी रिअ‍ॅक्टर म्हणत नाही. एकदा झालं काय, कॉम्प्युटरमधला एक आकडा कोणीतरी बदलला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. अख्खा माल विटकरीच्या जागी जांभळा निघाला आणि चार दिवस सगळे एकमेकांच्या नावाने शंख करत बसले. लॅब म्हणे कॉम्प्युटरवाल्याने केलं, कॉम्प्युटरवाला म्हणे माझ्यामागे कोणीही येऊन बसतं. सुधाकरभाऊंनी तेव्हा कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवली आणि महिनाभर खपून एक प्रोग्रॅम लिहिला. मला समजावताना मात्र पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणाले, "ताई, आमच्या गावाकडे खळ्यात धान्याची रास उघडी पडलेली असते ना, तिच्यावर आजोबा राखेने ठसे मारायचे. लाकडाचा ठसा, कोरलेला, घरात लपवलेला. कोणी मूठभर दाणे काढले तर ठसा मोडणार. आणि तसाच ठसा पुन्हा मारायचा तर लाकूड पाहिजे, ते आजोबांकडे." मी म्हटलं, म्हणजे चोरी थांबते? "थांबत नाही हो. कळते. तेवढंच काम त्याचं."

तर तसा ठसा. कार्डावरचे सगळे आकडे आणि एक गुप्त शब्द, ज्याला ते किल्ली म्हणायचे, हे दोन्ही प्रोग्रॅम एकत्र मळायचा आणि त्यातून दहा अक्षरांचा ठसा निघायचा. तो कार्डाच्या तळाशी छापला जायचा. सत्तरच्या जागी एकाहत्तर करा, ठसा साफ निराळा. किल्ली माहीत नसेल तर खरा ठसा बनवता येत नाही, आणि ठशावरून किल्ली काढता येत नाही, जसे पिठातून गहू परत निघत नाहीत. मला हे इतकं आवडलं! मी म्हटलं, झालं तर मग, तुमच्याकडे किल्ली, आम्ही निवांत. ते म्हणाले, नाही. एकाकडे किल्ली असली की त्या एकावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवायचा, मग ठशाचा उपयोग काय? अर्धी किल्ली ताई तुमची, अर्धी माझी. रोज सकाळी मी माझा अर्धा टाईप करायचा तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, त्यांचा टाईप होताना मी.

हा प्रकार मला मुळीच रुचला नाही. आमच्यात, आणि त्यांच्यातही, भाऊ म्हटल्यावर त्याच्यापासून काय लपवायचं? डब्यातली भाकरी एकमेकांच्या ताटात जाते, आजारपण सांगितलं जातं, नवऱ्याशी भांडण झालेलं सांगितलं जातं, आणि हा माणूस दोन शब्दांसाठी माझ्याकडे पाठ करतो! पहिल्या दिवशी तर मला अपमानच वाटला. मी म्हटलंही, "माझ्यावर भरवसा नाही वाटतं?" ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "भरवसा आहे ताई, म्हणून तर. उद्या कोणी विचारलं, तर मला म्हणता आलं पाहिजे की मला माहीत नाही." आणि नुसती मान वळवून भागायचं नाही त्यांना. डोळे मिटून कपाळ भिंतीला टेकायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मी मुद्दाम हळूहळू टाईप करायची, कधी मध्येच थांबून चहाची चौकशी करायची. ते तसेच उभे. चुन्याच्या भिंतीवर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर तेलाचा एक डाग पडला. महिन्या-दोन महिन्यांत तो पोळीएवढा झाला. मी हसायची, बाकीचेही हसायचे. मॅनेजरसाहेब म्हणायचे, सुधाकरभाई, इथे फोटो लावू का देवाचा?

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. चार दिवसांची रजा. कार्डं तर रोज निघायला हवीत, नाहीतर भांडी बंद. सुधाकरभाऊ म्हणाले, आपण चार दिवसांची कार्डं आधी करून ठेवू. पण साहेब रोज सकाळी काय चढवायचं ते ठरवणार, आधी कसं कळणार? मी बसची वेळ होईल म्हणून उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आहेराच्या साडीचं पुडकं. म्हटलं, "भाऊ, घ्या माझा शब्द. आईचं नाव आणि वडिलांच्या बिल्ल्याचा नंबर." ते अक्षरशः कानावर हात ठेवणार होते. "ताई, नको. नका सांगू." मी सांगून टाकलं. मोठ्याने. दोनदा, स्पष्ट ऐकू यावं म्हणून. वर मीच म्हणाले, "एवढं काय त्यात, परक्याला सांगतेय का?" त्यांचा चेहरा उतरला होता, पण मला बस दिसत होती, लग्न दिसत होतं, त्यांचा चेहरा नाही दिसला. परत आले तेव्हा पहिलं वाक्य त्यांचं हेच, "ताई, तुमचा शब्द बदला. आजच." आता शब्द बदलायचा म्हणजे जुन्या सगळ्या कार्डांवर नव्याने ठसे मारायचे, पूर्ण दिवसाचं काम. मी म्हटलं उद्या. मग म्हटलं शनिवारी. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा मी वैतागले, "अहो, किती घोर लावता जिवाला!" त्या तीन वेळांपैकी एकदा जरी उठले असते... नाही, आता हे पुरे. नाही उठले, हेच खरं.

आठवड्याने तिसऱ्या भांड्यावर अपघात झाला. माल उकळून फेसासकट वर आला आणि झाकणाच्या बाजूने बाहेर पडला. त्या भांड्यावर काशिनाथ. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत सोलून निघाला. तो हॉस्पिटलातून बाहेर यायच्या आतच बोलणं सुरू झालं, की ह्याने सांगितल्यापेक्षा जास्त तापवलं. कॉम्प्युटरमध्ये सत्तर डिग्री होती. काशिनाथ म्हणाला, माझ्या कार्डावर पंच्याऐंशी होती, साहेबांनी लवकर उरकायला वाढवून दिली. कोण विश्वास ठेवणार? पण ह्या पठ्ठ्याने कार्ड जपलं होतं. डब्याच्या पिशवीत, तळाशी, डाळीचे डाग पडलेलं. पंच्याऐंशी. आणि खाली ठसा.

शेठ, मॅनेजरसाहेब, हाताला पांढरं बांधून खुर्चीत बसलेला काशिनाथ, त्याच्या मागे उभी त्याची बायको, आणि आम्ही दोघं, सगळे त्या कॉम्प्युटरच्या खोलीत. प्रश्न एकच होता. कार्ड खरं ठरलं तर काशिनाथची नोकरी राहणार, औषधपाणी कंपनी करणार. खोटं ठरलं तर तो बाहेर. आधी कॉम्प्युटरमधली सत्तरवाली नोंद तपासली. ठसा जुळत नाही, म्हणजे कोणीतरी मागाहून बदललेली. मग कार्डावरचे आकडे घातले. मी माझा शब्द टाईप केला, सुधाकरभाऊ भिंतीला कपाळ टेकून उभे. त्यांनी त्यांचा केला, मी तोंड फिरवलं. ठसा निघाला. दहाच्या दहा अक्षरं जुळली. काशिनाथच्या बायकोने पदर तोंडात धरला. माझ्या अंगावर काटा आला, हे अजून आठवतं, की अरे, हे चालतं! गरिबाचं खरं आणि साहेबाचं खोटं, हे यंत्राला कळतं!

साहेब मात्र कार्ड हातात घेऊन बघत होते. वरची तारीख. कच्चा माल न आल्याने ते भांडं कार्ड निघाल्यावर कितीतरी दिवसांनी चढलं होतं. "मंदाबेन, आ तारीखे तो तमे रजा पर हता ने?" सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. मला खोटं बोलायला क्षणसुद्धा लागला नाही. "हो साहेब, पण त्या दिवसाची कार्डं मी जायच्या आधीच करून ठेवली होती." साहेब काही बोलणार तोच मागून तो बारीक आवाज आला. "नाही साहेब. ते कार्ड मी एकट्याने केलं. मला दोन्ही शब्द माहीत आहेत." शेठनी विचारलं, कसे काय? सुधाकरभाऊ म्हणाले, "ताई टाईप करत होत्या तेव्हा मी चोरून पाहिलं."

झालं. दोन्ही शब्द एकाला माहीत, म्हणजे तो कधीही, कुठलंही कार्ड बनवू शकतो, कॉम्प्युटरमधली नोंदही बिघडवू शकतो. त्यात तो आणि काशिनाथ एकाच गोडादऱ्याचे, एकाच बोलीचे. साहेबांनी फार काही बोलायची गरजच उरली नाही. काशिनाथ बाहेर, आणि गावच्या माणसासाठी खोटं कार्ड बनवणारा सुधाकर बोरसे बाहेर. आणि मी? मी तिथे उभी होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की त्याने पाहिलं नाही हो, मी सांगितलं. तसं सांगून कार्ड काही वाचणार नव्हतं, दोन्ही शब्द एकाकडे आले ते आलेच. पण माणूस वाचला असता. माझ्या जिभेवर आलं होतं. मग वाटलं मुलीची फी, वाटलं नवऱ्याची सुटलेली नोकरी, वाटलं नंतर सांगू, शांतपणे. साहेबांनी मला म्हटलं, "तमारो कोई वांक नथी, बेन." तुमची काही चूक नाही. मी मान खाली घातली. होकार समजा त्याला हवं तर.

संध्याकाळी सचिन स्टेशनच्या रस्त्यावर मी त्यांना गाठलं आणि भांडले. होय, मी भांडले, त्यांच्याशी! "अरे, तुला खोटंच बोलायचं होतं तर माझ्या खोट्याला हो म्हणायचं होतंस! काशिनाथ वाचला असता!" जन्मात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. ते सायकल हातात धरून चालत होते. मग म्हणाले, "ताई, ठशाबद्दल खोटं बोललो असतो, तर ठसा मेला असता. उद्या त्यांनीही तसंच केलं असतं, आणि आपण कशाच्या जोरावर बोललो असतो?" मी म्हटलं, आणि स्वतःबद्दल बोललास ते? तर हसले. "माझ्याबद्दल बोललो, त्यात काय... माणसाचं चालून जातं." मी त्यावर काहीबाही बोलले. वेडा आहेस, असंही म्हणाले बहुतेक.

चालून गेलं नाही हो. सचिनमध्ये बातमी पसरायला काय लागतं? किल्ली चोरणारा म्हणून त्यांना कोणी कॉम्प्युटरजवळ बसू देईना. शेवटी इच्छापोरला एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायला लागले, हाताने, वहीत. काशिनाथलाही त्यांनीच तिथे चिकटवलं, एका हाताने होईल असं काम बघून. मी दोनदाच भेटले त्यांना मधल्या वर्षांत. दोन्ही वेळा ठरवून गेले होते की आज म्हणते, चला, शेठकडे जाऊ, मी सांगते सगळं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, चहा पाजला, आणि मी परत आले. ते कधी म्हणाले नाहीत की तू सांग. एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांनी! रागावायला हवं होतं. त्यांच्या त्या न रागावण्याचा मला अजून राग येतो, आणि मग माझाच मला येतो.

दहाव्याला गोडादऱ्याला गेले. एका खोलीचं घर, फोटोला हार, कोपऱ्यात तो पुठ्ठ्याचा कीबोर्ड अजून ठेवलेला, देवाच्या पोथीसारखा फडक्यात. शोभावहिनींनी मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांनी तुमचं चोरून पाहिलं, तुमचा विश्वास मोडला, तरी तुम्ही आल्या. मन मोठं शे तुमचं." ह्या माणसाने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! इतकी वर्षं ती बाई नवऱ्याला क्षमा करत जगली होती, त्याने न केलेल्या गोष्टीची. काशिनाथ दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, मग बाहेर बघू लागला. त्याला माहीत असावं. मला त्या वेळीही बोलता आलं नाही. चहा प्यायले आणि उठले.

म्हणून हे. छापायला देण्याआधी मी परवा पुन्हा गोडादऱ्याला गेले आणि शोभावहिनींना इथवर सगळं वाचून दाखवलं. कंपनीत ह्याचं जे व्हायचं ते होईल. तर पुन्हा एकदा, स्पष्ट, जसं तेव्हा दोनदा सांगितलं होतं तसं: सुधाकर बोरसे यांनी काहीही चोरून पाहिलं नाही. मी सांगितलं. ते नको म्हणत होते. काशिनाथचं कार्ड खरं होतं.

वाचून झालं. मी शिव्यांची वाट बघत होते, खरं सांगते, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "तो तेलना डाग... अजून शे?" आहे म्हटलं. त्या खोलीत आता नवा कॉम्प्युटर आहे, नवी मुलगी आहे, ठसाबिसा काही नाही, नुसता पासवर्ड. ती पासवर्ड टाईप करते तेव्हा मी भिंतीकडे वळते आणि ती हसते, की बेन, अहीं कोण चोर छे? दर दिवाळीला चुना मारतात. डाग पंधरा दिवसांत पुन्हा वर येतो, तेवढाच, त्याच उंचीवर. रोज डोळे मिटून भिंतीला टेकणाऱ्याच्या कपाळाचा तो. चोरून बघणाऱ्याचा असा डाग पडत नाही. एवढं मी सांगितलं, आणि वहिनींनी स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला, बराच वेळ, तिथे अजून तेल असावं तसा.

"तेल कमी लाय, कमी लाय, करे रोज," त्या म्हणाल्या. "मीच ऐकू नही."